खिजगणती आणि शिरगणती

हक्क या शब्दाचा विचार करताना आज आपण मुंबईच्या फुटपाथवर जाऊ.

१९८१ च्या ऐन पावसाळ्यात फुटपाथवरच्या झोपड्या हटवायचं सरकारनं ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै १९८५ च्या निकालात म्हटलं होतं की, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. पण नोटीस देऊन झोपड्या हटवता येतील. आम्ही तत्त्वज्ञानवाले बहुधा निकालाच्या पहिल्या अर्ध्या भागापाशीच रमतो. फुटपाथवर राहणाऱ्यांना दुसऱ्या अर्ध्याची धास्ती होती.

त्याच वर्षी 'स्पार्क' संस्थेनं या लोकांना बरोबर घेऊन सुमारे ६,००० कुटुंबांची शिरगणती केली. जे कुणाच्या खिजगणतीत नव्हते, ते कागदावर आले. मग भायखळ्याच्या बायकांनी 'महिला मिलन' उभं केलं. रोज जमेल तेवढी बचत सुरू झाली. घर कसं हवं, हेही त्यांनीच ठरवलं. खऱ्या मापाची नमुना घरं उभारून पाहिली आणि पोटमाळा निघेल एवढी उंची मागितली.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांतल्या अनेकांना मानखुर्दच्या मिलननगरात पक्की घरं मिळाली. पण भायखळ्यातलं काम दूर पडलं. न्यायालयानं निवारा आणि उपजीविका एकत्र पाहिली होती; घर देताना आपण ती पुन्हा वेगळी केली. तेव्हा नुसती घरं मोजून हा हिशेब पुरा होत नाही.