वांग, ऊन आणि १९७५ साल

आजचा विषय चेहऱ्यावरचे काळे डाग. इतिहासाच्या व्याख्यानात हे कुठून आलं, असं काहींच्या मनात येईल. थोडं थांबा. या विषयाला पुष्कळ जुना इतिहास आहे, आणि त्यातलं शेवटचं प्रकरण आपल्या घराघरात अजून चालू आहे.

शब्दापासून सुरुवात करू. गालावर, नाकाच्या दांड्यावर, वरच्या ओठावर तपकिरी पट्टा उमटतो, त्याला आपण वांग म्हणतो. गरोदरपणात पुष्कळ बायकांना येतो. उन्हात राबणाऱ्या पुरुषांनाही येतो, ते सांगत नाहीत एवढंच. हा शब्द संस्कृत 'व्यंग'वरून आलेला आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये व्यंगाचं वर्णन आहे: राग आणि श्रम यांनी वात-पित्त बिघडून चेहऱ्यावर येणारा पातळ, न दुखणारा, सावळट डाग. क्षुद्र म्हणजे किरकोळ. वैद्याच्या लेखी किरकोळ असेल. आरशासमोरच्या बाईला विचारा. उपायांमध्ये रक्त काढणं आहे, समुद्रफेसानं घासणं आहे, झाडांच्या सालींचे लेप आहेत, मधात कालवलेली मंजिष्ठा आहे. केशर-मंजिष्ठेचं कुंकुमादी तेल याच परंपरेतलं. यातल्या लेपांबद्दल माझी तक्रार नाही. घासण्याबद्दल आहे. घासलं की डाग निघतो ही समजूत तेव्हापासून आजच्या लिंबू-साखरेपर्यंत टिकून आहे, आणि आपल्या कातडीला नेमकं तेच सोसत नाही.

का सोसत नाही, ते थोडक्यात सांगतो. मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि सावळ्या माणसात जवळपास सारख्याच असतात. फरक त्या पेशींच्या कामात आहे. सावळ्या त्वचेत मेलॅनिनचे कण मोठे असतात, जास्त असतात आणि सुटे-सुटे पसरलेले असतात. त्याचा फायदा मोठा: उन्हानं होणारा त्वचेचा कर्करोग आपल्याकडे कमी. पण या पेशी फार हळव्या. पुटकुळी फोडली, डास चावला, गरम मेण लागलं, क्रीमनं आग झाली, की त्या जागी त्या रंग ओततात. जखम आठवड्यात भरते, तिचा डाग सहा महिने राहतो. म्हणजे सावळ्या माणसाच्या बाबतीत उपचार जहाल झाला, तर तो उपचारच नवा डाग बनतो. हे एवढं ध्यानात ठेवा, पुढचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

आता कोल्हापूर. बाबूराव पेंटरांनी १९१७ साली इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली 'सैरंध्री' आला. त्या काळच्या कृष्णधवल फिल्मबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मूकपटांच्या जमान्यात जगभर चालणारी फिल्म निळ्या-हिरव्या प्रकाशाला जागी होती आणि तांबड्याला आंधळी. त्यामुळं ओठ काळे दिसत, आणि चेहऱ्यावरचा फिकट तपकिरी डागही गडद होऊन पडद्यावर येई. गोऱ्या युरोपीय नटांनासुद्धा त्यासाठी चेहरा फिका रंगवावा लागे. मग आपल्या सावळ्या नटनट्यांचं काय होत असेल, तुम्हीच विचार करा. चेहरा एकसारखा, बिनडागाचा आणि उजळ असावा ही अपेक्षा लग्नाच्या बाजारात आधीपासून होती. कॅमेऱ्यानं तिला आणखी बळ दिलं, आणि त्या कॅमेऱ्याचं एक मोठं घर या गावात होतं. मी पेंटरांना दोष देत नाही, फिल्म त्यांनी बनवली नव्हती. (हशा)

दुसरा धागा चामड्याचा आहे, आणि तो दूर अमेरिकेत सुरू होतो. १९३९ साली तिथल्या डॉक्टरांनी एक गोष्ट नोंदवली: चामडं कमावण्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे हात पांढरे पडत होते. कारण निघालं रबरी हातमोजे. रबर टिकावं म्हणून त्यात हायड्रोक्विनोनच्या कुळातलं एक रसायन घातलेलं होतं. आपल्या चपलांचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलं जायचं, तिथं हा प्रश्न आला नाही. पण त्या अपघातातून डागांवरचं एक औषध पुढं आलं. या कुळातलं साधं भावंड, हायड्रोक्विनोन, १९६०च्या दशकात डागांसाठी वापरात आलं. ते मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला अडवतं.

आणि मग येतं १९७५ साल. या एका वर्षात चार गोष्टी झाल्या. चौघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस यांनी एक मिश्रण मांडलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या हातात आजही याचीच बदललेली रूपं आहेत. यात स्टेरॉइडचं काम मदतनिसाचं. बाकीच्या दोघांनी कातडीची आग होऊ नये म्हणून तो.

त्याच वर्षी बोस्टनच्या फिट्झपॅट्रिक यांनी त्वचेचे प्रकार मांडले, ऊन लागल्यावर कातडी भाजते की काळवंडते यावरून. पहिल्या मांडणीत गोऱ्या त्वचेचेच चार प्रकार होते. सावळी आणि काळी कातडी पाचवी-सहावी म्हणून नंतर जोडली गेली. आजही लेझर किती तापवायचा हे ठरवताना हीच मोजपट्टी वापरतात.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतून फिंडले आणि सहकाऱ्यांनी इशारा दिला. उजळ होण्यासाठी हायड्रोक्विनोनच्या क्रीम वर्षानुवर्षं लावणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांच्या गालांवर निळसर-काळे, खरखरीत डाग पडत होते आणि ते जात नव्हते. डाग वाढला की बाई आणखी क्रीम लावी, आणि उन्हात जाई. १९९० साली त्या देशानं अशा क्रीमवर बंदी घातली.

आणि त्याच १९७५ मध्ये भारतात 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली. तिच्यात हायड्रोक्विनोन नव्हतं, नायसिनामाइड होतं, आणि ते बऱ्यापैकी सौम्य द्रव्य आहे. माझा आक्षेप ट्यूबमधल्या मालापेक्षा तिच्याबरोबर विकल्या गेलेल्या वायद्यावर आहे. काही आठवड्यांत रंग पालटतो, ही ती सवय. २०२० साली नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झालं. सवय तीच राहिली.

या सवयीनं क्लिगमनच्या मिश्रणाचं काय केलं पाहा. मदतनीस मालक झाला. स्टेरॉइडनं चेहरा आठवड्यात चकाकतो, म्हणून शेजारीण शेजारणीला ट्यूबचं नाव सांगते, मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो, पार्लरमध्ये तीच लावतात. काही महिन्यांत कातडी पातळ होते, तांबड्या शिरा दिसतात, पुरळ उठतं, ओठावर लव वाढते. लावणं थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा लावतात. व्यसनच म्हणा. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध मोहीम उघडली, आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चौदा प्रकारच्या स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. नियम झाला. दुकानात तो किती पाळला जातो ते तुम्ही मला सांगा.

याहून वाईट आहे पारा. २०२३ साली अकोल्याच्या एका घरातली बातमी आली: मुलगी, आई आणि बहीण, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा. मुंबईत केईएम रुग्णालयापर्यंत तपास गेला तेव्हा चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा सापडला. डब्यावर काय घातलंय ते लिहिलेलं नसेल तर तो डबा घरात आणू नका. एवढं साधं आहे.

मग उपाय काय? इथं मला आपल्या जिल्ह्यातला माणूस डोळ्यांसमोर येतो. उसाच्या फडात दिवसभर वाकलेली बाई. गुऱ्हाळावर चुलवाणासमोर उभा गुळव्या, कारण वांग नुसत्या उन्हानं नाही, धगीनंही वाढतो. किरणोत्सवाला हात जोडणाऱ्या गावात उन्हाविरुद्ध बोलणं बरं नव्हे, पण बोलावं लागतं. रात्रीचं औषध कितीही चांगलं असो, दिवसाचं ऊन ते पुसून टाकतं. शिवाय आपल्या रंगाच्या त्वचेला डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काळवंडतो. पांढऱ्या सनस्क्रीनला तो फारसा अडत नाही; लोहाचं ऑक्साइड घातलेली, कातडीच्या रंगाची सनस्क्रीन अडवते. ती महाग पडते हे मला ठाऊक आहे. फडातल्या बाईला डोक्यावरून पुढं ओढलेला पदर किंवा रुंद काठाची टोपी तिच्याआधी.

डागाचं कारणही शोधावं लागतं. कपाळाच्या मध्यावरच काळं पडलं असेल तर आधी कुंकू बदलून बघा. हळदीचं कुंकू जाऊन रासायनिक रंगाचं आलं, तेव्हापासून हा त्रास आहे. चिकट टिकलीखाली उलट पांढरा डाग पडतो. तो डिंकातल्या रसायनाचा.

दवाखान्यातलं काम घरच्या कामाला जोडून चालतं. डॉक्टर सौम्य पील करतील, हायड्रोक्विनोन तीन-चार महिन्यांपुरतं देतील, मग ॲझेलिक ॲसिडसारख्या द्रव्यावर आणतील. जपानमध्ये १९७९ साली ट्रानेक्झॅमिक ॲसिड दुसऱ्याच आजारासाठी देताना वांग फिकट होताना दिसला. आज त्याच्या गोळ्या देतात, पण रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास विचारून. ते स्वतःच्या मनानं घ्यायचं औषध नाही. लेझर आपल्या त्वचेवर शेवटी, आणि अनुभवी हातातच. घरी साधा फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, आणि न घासणं. कातडीचा वरचा थर बदलायला महिनाभर लागतो, खोल गेलेल्या रंगाला वर्षसुद्धा.

म्हणून चांगले त्वचारोगतज्ज्ञ पहिल्याच भेटीत फोटो काढतात. दर तीन महिन्यांनी त्याच खुर्चीत, त्याच भिंतीसमोर, त्याच दिव्याखाली पुन्हा काढतात. रोज आरशात बघणाऱ्याला फरक कळत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की कळतो.

आता प्रश्न घेऊ या. ट्यूबचं नाव मात्र कुणी विचारू नका.