बाळाच्या डोक्याचा आकार

जन्मानंतरच्या पहिल्या दीड-दोन वर्षांत बाळाच्या कवटीची हाडे मऊ आणि एकमेकांपासून सुटी असतात. त्यामुळे या काळात डोके लांबट, एका बाजूने चपटे किंवा मागून सपाट दिसू शकते. असा वेडावाकडेपणा बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो व वाढीबरोबर कमी होत जातो. थोड्या बाळांमध्ये मात्र तो कवटीचे सांधे अकाली जुळल्याचा किंवा मेंदूत पाणी साठत असल्याचा पहिला संकेत असतो. या दोहोंतील फरक केवळ पाहून नेहमीच ओळखता येत नाही. त्यासाठी शारीरिक तपासणी आणि ठरावीक काळाने घेतलेल्या डोक्याच्या घेराच्या नोंदी आवश्यक असतात.

कवटीची रचना

नवजात बाळाची कवटी अनेक चपट्या हाडांची बनलेली असते. ही हाडे तंतुमय सांध्यांनी जोडलेली असतात. जिथे अधिक हाडे एकत्र येतात तिथे मऊ पडद्याची जागा राहते, तिला टाळू म्हणतात. मागची टाळू साधारणपणे पहिल्या दोन-तीन महिन्यांत बुजते, तर पुढची मोठी टाळू बहुधा १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान भरते. पुढच्या टाळूवर नाडीचे ठोके दिसणे स्वाभाविक आहे.

या सैल रचनेचे दोन उपयोग आहेत. प्रसूतीच्या वेळी हाडे एकमेकांवर किंचित सरकतात व डोके जन्ममार्गातून बाहेर येऊ शकते. जन्मानंतर वाढत्या मेंदूला जागा मिळते. पहिल्या वर्षातच मेंदूचे आकारमान जवळजवळ दुप्पट होते आणि कवटी त्याच्या दाबाने मोठी होत जाते.

आकार बदलण्याची सामान्य कारणे

जन्मतः डोके लांबट दिसणे हे प्रसूतीतील दाबामुळे होते व काही दिवसांत नाहीसे होते. टाळूच्या त्वचेखालील सूज अशीच लवकर उतरते. हाडाच्या आवरणाखाली रक्त साठून आलेला फुगवटा एका हाडापुरता मर्यादित असतो व तो विरण्यास काही आठवडे ते महिने लागू शकतात.

नंतरच्या महिन्यांत दिसणारा चपटेपणा मुख्यतः झोपण्याच्या स्थितीमुळे येतो. बाळ सतत एकाच कुशीकडे मान करून झोपत असेल, तर त्या बाजूचा मागचा भाग सपाट होतो. त्याच बाजूचा कान व कपाळ थोडे पुढे येतात आणि वरून पाहिल्यास डोके तिरक्या चौकोनासारखे दिसते. वैद्यकीय भाषेत यास स्थितिजन्य प्लॅजिओसेफली म्हणतात. मानेचा एक स्नायू आखडलेला असणे, अकाली जन्म आणि जुळी गर्भधारणा यांमुळे ही शक्यता वाढते.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये बाळांना पालथे न झोपवण्याची शिफारस केली. त्यानंतर तेथे झोपेत अचानक होणारे बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटले, परंतु डोके सपाट होण्याच्या तक्रारी वाढल्या. तरीही बाळाला पाठीवरच झोपवावे, हा सल्ला कायम आहे, कारण चपटेपणा सुधारता येतो.

महाराष्ट्रातील पारंपरिक पद्धती

मराठी घरांत बाळाच्या डोक्याची काळजी हा बाळंतपणाचा महत्त्वाचा भाग मानला जातो. टाळूवर तेल घालण्याला ‘टाळू भरणे’ म्हणतात. न्हाऊ-माखू घालणारी बाई पाय पसरून बसते व बाळाला पायांवर उताणे-पालथे घेऊन मालीश करते. डोके गोल व्हावे म्हणून हलक्या हाताने दाबणे आणि मोहरीची उशी देणे या प्रथाही प्रचलित आहेत.

हलक्या हाताने तेल लावण्यात सहसा धोका नसतो, मात्र त्यामुळे टाळू लवकर बुजत नाही. कानात किंवा नाकात तेल घालणे टाळावे. मालिशीच्या वेळी पालथे घेण्याने मानेच्या व पाठीच्या स्नायूंना व्यायाम मिळतो. डोके दाबून हाडांचा आकार बदलत नाही, उलट इजा होऊ शकते. उशीमुळे बाळाचा श्वास कोंडण्याची भीती असते. डोक्याला आकार देण्यासाठी विकल्या जाणाऱ्या उशा वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिला.

घेर आणि वाढ

डोक्याचा घेर न ताणणाऱ्या टेपने मोजतात. टेप भुवयांच्या व कानांच्या वरून आणि मागच्या सर्वांत उंच भागावरून फिरवून मोठ्यात मोठे माप घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढ-मानकांनुसार जन्मतः मुलाचा मध्यम घेर ३४.५ सेंमी व मुलीचा ३३.९ सेंमी असतो. सहा महिन्यांना तो अनुक्रमे ४३.३ व ४२.२ सेंमी, तर एक वर्षाला ४६.१ व ४४.९ सेंमी होतो. या मानकांसाठी १९९७ ते २००३ या काळात ज्या सहा देशांत पाहणी झाली, त्यांत भारतही होता. भारतातील केंद्र नवी दिल्ली येथे होते.

एका मापापेक्षा वाढीची रेषा अधिक सांगते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९० च्या दशकात झालेल्या माता-पोषण अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो आढळले. पुण्याच्या बाळांची लांबी व डोक्याचा घेरही कमी होता. म्हणून लहान चणीच्या बाळाचा घेर कमी असला तरी तो आपल्या रेषेला धरून वाढत आहे का, हे पाहिले जाते. रेषा सोडून घेर झपाट्याने वाढणे किंवा वाढ थांबणे, या दोन्ही गोष्टी तपासणीस पात्र ठरतात.

गंभीर कारणे

कवटीचा एखादा सांधा अकाली जुळण्याचा दोष सुमारे २,००० ते २,५०० जन्मांमागे एका बाळात आढळतो. अशा वेळी जुळलेल्या सांध्यावर हाडाची कड हाताला लागू शकते, आणि झोपण्याची बाजू बदलूनही आकार सुधारत नाही, उलट वाढत जातो. मेंदूत पाणी साठल्यास घेर वेगाने वाढतो, टाळू फुगते व डोळे खाली वळलेले दिसतात.

डोके लहान राहणे ही वेगळी स्थिती आहे. गरोदरपणातील झिका विषाणूचा संसर्ग हे तिचे एक कारण असल्याचे ब्राझीलमधील २०१५ च्या साथीनंतर स्पष्ट झाले. महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात बेलसर येथे आढळला. २०२४ मध्ये पुणे शहरात गर्भवतींनाही संसर्ग झाल्याचे निदान झाले. संसर्ग झालेल्या प्रत्येक मातेच्या बाळात दोष येतो असे नाही, परंतु गर्भाच्या सोनोग्राफीने व जन्मानंतर घेर मोजून पाठपुरावा करावा लागतो.

आरोग्यसेवा

आशा स्वयंसेविका रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला पहिल्या ४२ दिवसांत सहा गृहभेटी देतात. घरी जन्मलेल्या बाळासाठी सात भेटी ठरलेल्या आहेत. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने विकसित केली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. त्यातील फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा तपासणी करतात व गरजू बालकांना पुढे पाठवतात.

मुळशी तालुक्यातील लवासा व वरसगाव जलाशयाच्या परिसरासारख्या डोंगराळ भागातून पुण्यातील तज्ज्ञांपर्यंत जाण्यास घाटरस्त्याचा प्रवास करावा लागतो. अशा ठिकाणी लसीकरणाच्या दिवशी वजनाबरोबर घेराची नोंद झाल्यास कोणत्या बाळाला दूर न्यायचे व कोणत्या बाळाच्या पालकांना धीर द्यायचा, हे जवळच ठरवता येते.

उपचार

स्थितिजन्य चपटेपणात झोपताना डोक्याची बाजू आलटून-पालटून ठेवणे, जागेपणी देखरेखीखाली पालथे खेळवणे व कडेवर घेणे पुरेसे ठरते. मान आखडली असल्यास भौतिकोपचार करतात. नेदरलँड्समधील २०१४ च्या एका चाचणीत मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेल्या बाळांना आकार देणाऱ्या हेल्मेटने, उपचार न केलेल्या बाळांपेक्षा अधिक लाभ झाला नाही. सांधा अकाली जुळल्यास शस्त्रक्रिया साधारणपणे पहिल्या वर्षात करतात, त्यामुळे निदान लवकर होणे महत्त्वाचे असते.

रडत नसतानाही फुगलेली टाळू, वारंवार उलट्या, झटके, गुंगी किंवा वेगाने वाढणारा घेर ही तातडीने डॉक्टरांकडे नेण्याची लक्षणे आहेत. खोल गेलेली टाळू व लघवी कमी होणे हे शरीरातील पाणी कमी झाल्याचे लक्षण असू शकते, त्यासाठीही विलंब करू नये.