सेमिनरीच्या ग्रंथालयाची पायरी चढताना...

पुणे, प्रतिनिधी

११ मार्च १८१२ च्या सायंकाळी बंगालमधील सेरामपूर येथील मिशनच्या छापखान्याला आग लागली. विल्यम कॅरी त्या दिवशी कलकत्त्यात होते. ते परतले तेव्हा कागदाचा साठा, अनेक भारतीय भाषांचे खिळे आणि वर्षानुवर्षांच्या श्रमाने सिद्ध झालेली हस्तलिखिते यांची राख झाली होती. छपाईयंत्रे तेवढी वाचली होती. वितळलेल्या धातूतून खिळे पुन्हा ओतले गेले आणि काही महिन्यांतच काम सुरू झाले. परंतु ज्या हस्तलिखितांची दुसरी प्रत नव्हती, त्यांतील बरेचसे कायमचे गेले.

ख्रिस्ती धर्मगुरू व पाळक यांना शिक्षण देणाऱ्या ईशज्ञान विद्यालयांच्या, म्हणजेच सेमिनरींच्या ग्रंथालयांत प्रथमच जाणाऱ्या वाचकाने ही घटना ध्यानात ठेवावी. तेथील नियम अनेकांना जाचक वाटतात. पिशवी बाहेर ठेवा, शाईचे पेन वापरू नका, अमुक ग्रंथाची छायाप्रत मिळणार नाही, असे ऐकून काही अभ्यासक दारातूनच परततात. वस्तुतः या ग्रंथालयांत केवळ धर्मशास्त्राची पुस्तके नसतात. मराठी मुद्रणाच्या, कोशरचनेच्या, व्याकरणाच्या आणि नियतकालिकांच्या आरंभकाळाचे साहित्यही तेथे असते. त्यामुळे तेथे प्रवेश कसा मिळतो, कोणत्या सोयी असतात आणि कोणती शिस्त पाळावी लागते, याची माहिती मराठीच्या अभ्यासकाजवळ असणे अगत्याचे आहे.

मराठीचा संबंध

येथे ज्या सेरामपूरचा उल्लेख आहे ते अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर नव्हे. हुगळी नदीच्या पश्चिम तीरावरील हे गाव १८४५ पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना मोकळीक नव्हती. म्हणून कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८०० मध्ये येथे मिशनची व छापखान्याची स्थापना केली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी बंगाली व संस्कृतप्रमाणे मराठीही शिकवीत असत. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. कोशातील मराठी शब्द मोडी लिपीच्या खिळ्यांनी छापले आहेत. या कामात त्यांना वैजनाथ पंडितांचे मोठे साहाय्य लाभले.

१८१८ मध्ये या त्रयीने सेरामपूर कॉलेजची स्थापना केली. डेन्मार्कचे राजे सहावे फ्रेडरिक यांनी १८२७ मध्ये दिलेल्या सनदेने त्यास पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. पुढे १९१८ च्या सेरामपूर कॉलेज कायद्याने सिनेटची व्यवस्था झाली. आजही देशभरातील अनेक ईशज्ञान विद्यालये या सिनेटशी संलग्न आहेत. कॉलेजच्या आवारातील ‘कॅरी ग्रंथालय व संशोधन केंद्रा’त मिशनची कागदपत्रे आणि छापखान्याची जुनी प्रकाशने जतन केलेली आहेत. हावड्याहून लोकल गाडीने तेथे जाता येते.

महाराष्ट्रातील वाचकाला मात्र दरवेळी बंगालपर्यंत जाण्याचे कारण नाही. १८९३ मध्ये कँडी येथे स्थापन झालेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात आली. नगर रस्त्यावरील ज्ञानदीप विद्यापीठ ही त्याच परंपरेतील संस्था होय. बिबवेवाडी येथील युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली व १९८३ मध्ये पुण्यात स्थलांतरित झाली. मुंबईत गोरेगाव येथे सेंट पायस टेन्थ कॉलेज आणि गोव्यात सासष्टी तालुक्यात राशोल सेमिनरी आहे. प्रत्येक संस्थेचे नियम, शुल्क व वेळा निराळ्या असून त्या बदलतही असतात. म्हणून पुढील विवेचन सर्वसाधारण प्रघातापुरते समजावे आणि प्रत्यक्ष जाण्यापूर्वी संबंधित ग्रंथपालांकडे चौकशी करावी.

प्रवेश कोणाला?

ही सार्वजनिक वाचनालये नव्हेत. प्रथम अधिकार तेथील विद्यार्थी व अध्यापकांचा असतो. बाहेरील वाचकास ‘अभ्यागत वाचक’ म्हणून मर्यादित काळासाठी अनुमती दिली जाते. वाचक ख्रिस्ती असावा, अशी अट सहसा नसते. अभ्यासाचा हेतू स्पष्ट असावा, एवढीच अपेक्षा असते.

जाण्यापूर्वी किमान दोन-तीन आठवडे ग्रंथपालांना पत्र किंवा ई-मेल पाठवावा. त्यात अभ्यासाचा विषय, पाहावयाच्या ग्रंथांची नावे व वर्षे आणि येण्याच्या तारखा नमूद कराव्यात. ‘जुनी मराठी पुस्तके पाहायची आहेत’ अशा मोघम पत्राला उत्तर मिळणे कठीण असते. तेच ‘१८१० चा कोश पाहावयाचा असून मोडी खिळ्यांच्या वळणाचा अभ्यास करीत आहे’ असे लिहिल्यास ग्रंथपालांना आधीच शोध घेता येतो. सोबत मार्गदर्शक प्राध्यापकांचे अथवा संस्थेचे शिफारसपत्र जोडावे. प्रत्यक्ष जाताना छायाचित्र असलेले ओळखपत्र व त्याची प्रत जवळ ठेवावी. काही ठिकाणी दैनिक किंवा मासिक शुल्क घेतले जाते.

वेळापत्रकाकडे विशेष लक्ष द्यावे. रविवार हा उपासनेचा दिवस असल्याने ग्रंथालय बहुधा बंद असते. पवित्र सप्ताह, ईस्टर व नाताळ या काळात, तसेच उन्हाळी सुटीतही कामकाज थांबते किंवा वेळा कमी होतात. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी काही ग्रंथालये थोडा वेळ बंद ठेवली जातात. परीक्षेच्या दिवसांत वाचनकक्षात जागा मिळणे अवघड होते.

ग्रंथ कसा शोधावा?

बहुतेक ग्रंथालयांची तालिका आता संगणकावर आली असली, तरी जुन्या संग्रहाच्या काही नोंदी अद्याप पत्रकांवर सापडतात. दोन्ही पाहणे श्रेयस्कर. अनेक ठिकाणी ड्युई दशांश वर्गीकरण वापरले जाते. त्यात २०० हा धर्माचा वर्ग असून २२० खाली बायबल, २३० खाली ख्रिस्ती ईशज्ञान, २७० खाली चर्चचा इतिहास आणि २९० खाली इतर धर्म येतात. हिंदू धर्मावरील ग्रंथ २९४.५ या क्रमांकाखाली शोधावेत. धर्माचाच संग्रह मोठा असलेल्या ग्रंथालयांत हे वर्ग अधिक बारकाईने पाडलेले असतात किंवा स्वतंत्र पद्धतही अवलंबिलेली असते.

मराठी ग्रंथ शोधताना एक अडचण हमखास येते. एकोणिसाव्या शतकात आपल्या भाषेचे नाव रोमन लिपीत ‘महरट्टा’, ‘मुराठी’ अशा निरनिराळ्या प्रकारे लिहिले जाई. लेखकांच्या व गावांच्या नावांचीही तीच गत. एका वर्णलेखनाने ग्रंथ सापडला नाही म्हणून तो संग्रहात नाही, असे मानू नये.

संदर्भ विभागात शब्दसूची, भाष्ये, हिब्रू व ग्रीक कोश, निरनिराळ्या भाषांतील बायबलची भाषांतरे शेजारी शेजारी ठेवलेली असतात. भाषांतराच्या अभ्यासकांना हा विभाग फार उपयोगी आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेला आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापलेला बायबलचा मराठी अनुवाद इतर अनुवादांशी ताडून पाहिला, तर मराठी गद्याची वाटचाल डोळ्यांसमोर उभी राहते.

नियतकालिकांचा विभाग सामाजिक इतिहासासाठी मोलाचा आहे. अहमदनगर येथून अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केला. रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा त्याच्या मराठी विभागाच्या संपादनाशी संबंध होता. १९०३ पासूनचे ‘निरोप्या’ हे मासिकही असेच महत्त्वाचे. धर्मविषयक वादांबरोबरच शाळा, दुष्काळ, विधवांचे प्रश्न, पुस्तक-परीक्षणे असा मजकूर जुन्या ख्रिस्ती नियतकालिकांत विखुरलेला आहे. मात्र सलग फायली एकाच ठिकाणी मिळतील, अशी अपेक्षा ठेवू नये.

वाचनकक्षातील शिस्त

अभ्यागत वाचकास ग्रंथ सहसा घरी नेता येत नाहीत. संदर्भग्रंथ, नियतकालिकांचे बांधीव खंड, प्रबंध आणि दुर्मिळ ग्रंथ यांचे वाचन ग्रंथालयातच करावयाचे असते. काही संस्था अनामत रक्कम घेऊन सर्वसाधारण पुस्तके देतात, परंतु तो अपवाद होय.

दुर्मिळ ग्रंथांच्या कक्षात पुढील नियम जवळजवळ सर्वत्र आढळतात :

- पिशव्या, पाण्याच्या बाटल्या व खाद्यपदार्थ बाहेर ठेवावेत.
- टिपणे केवळ शिसपेन्सिलीने घ्यावीत. शाईचा डाग निघत नाही.
- हात धुऊन, कोरडे करून ग्रंथ हाताळावा. कागदी ग्रंथांसाठी हातमोज्यांपेक्षा स्वच्छ कोरडे हातच बरे, असे आज अनेक जतनतज्ज्ञ मानतात. मोज्यांमुळे पानाचा अंदाज येत नाही आणि ते फाटण्याचा संभव वाढतो.
- बोटाला थुंकी लावून पाने उलटू नयेत, कोपरे दुमडू नयेत, चिकटचिठ्ठ्या लावू नयेत.
- ग्रंथावर वही ठेवून लिहू नये, चित्रावर कागद ठेवून ते गिरवू नये.
- एका वेळी ठरावीकच ग्रंथ मिळतात. पहिले परत केल्यावर पुढचे मागावेत.
- वापरलेला ग्रंथ आपणच फडताळात ठेवू नये, मेजावर ठेवावा. चुकीच्या जागी ठेवलेला ग्रंथ हरवल्यासारखाच असतो.

यातील एकही नियम निष्कारण नाही. आपल्या दमट हवेत कागदाचे शत्रू अनेक. स्थानिक कागदाला कीड लागते म्हणून सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी टिकाऊ कागद स्वतः तयार करण्याचा उद्योग आरंभिला आणि १८२० मध्ये त्यासाठी इंग्लंडहून वाफेचे यंत्र आणविले. ज्यांनी ग्रंथ छापले त्यांनाच ते टिकतील की नाही, याची चिंता होती.

छायाप्रती आणि हक्क

सर्वाधिक वाद छायाप्रतींवरून होतात. झेरॉक्स यंत्रावर ग्रंथ उलटा दाबला की जुनी बांधणी तुटते, म्हणून विशिष्ट वर्षापूर्वीच्या ग्रंथांना ही सोय नाकारली जाते. त्याऐवजी परवानगी घेऊन, फ्लॅश न वापरता, मोजक्या पानांची छायाचित्रे घेता येतात. प्रबंधांची संपूर्ण प्रत बहुधा दिली जात नाही.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे साहित्यकृतीवर स्वामित्वहक्क असतो. खासगी अभ्यासासाठी व संशोधनासाठी वाजवी वापर करण्यास कायद्याने मुभा आहे. कॅरी किंवा मोल्सवर्थ यांच्या ग्रंथांवर आता स्वामित्वहक्क उरलेला नाही. तथापि, ग्रंथाची ती प्रत ग्रंथालयाची असते. तिची छायाचित्रे प्रसिद्ध करावयाची असल्यास लेखी अनुमती घ्यावी आणि ऋणनिर्देश करावा.

आधी संगणकावर पाहा

ग्रंथालयात जाण्यापूर्वी एक काम घरबसल्या करता येते. एकोणिसाव्या शतकातील अनेक ग्रंथ ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर विनामूल्य उपलब्ध आहेत. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशप्रकल्पात शब्दवार शोधता येतो. केवळ मजकूर हवा असेल तर तेवढ्याने काम भागते आणि मूळ प्रतीची हाताळणी टळते. मूळ प्रत मागावी ती कागद, खिळे, बांधणी, समासातील हस्ताक्षरे किंवा प्रतींतील फरक पाहण्यासाठी. ही पूर्वतयारी पत्रात नमूद केल्यास अनुमती मिळणे सुकर होते.

प्रत उरली नाही तर...

राशोलचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात एका ग्रंथामुळे अजरामर झाले आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या १६४९ व १६५४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. परंतु या तिन्हींपैकी एकाही छापील आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो भाविकांनी उतरवून घेतलेल्या हस्तलिखितांमुळे. त्यांच्याच आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून तो पुन्हा प्रसिद्ध केला. देवनागरीतील एक हस्तलिखित तर थेट लंडनमध्ये, मार्सडेन संग्रहात सापडले.

सेरामपूरला आग कारणीभूत झाली. ‘ख्रिस्तपुराणा’च्या छापील प्रती मात्र तीन वेळा छापूनही नाहीशा झाल्या. वाचनकक्षाच्या दारात पेन बाजूला ठेवून पेन्सिल हाती घेताना, एवढे आठवले तरी नियम जाचक वाटणार नाहीत.