सेखमेटच्या पाथरवटांमध्ये

डोळे उघडा. इसवी सनापूर्वी १३६०च्या आसपासचं वर्ष आहे. तुम्ही नाईलच्या पश्चिम तीरावर, थीब्ज नगरीच्या समोर उभे आहात. पाठीशी उघडेबोडके डोंगर, समोर आमेनहोटेप तिसरा या फॅरोचं प्रचंड मंदिर. दारात त्याचेच दोन बैठे पुतळे, प्रत्येकी सुमारे १८ मीटर उंच. त्यांच्याकडे नंतर बघा. आधी कानांवर आदळणाऱ्या त्या आवाजाच्या दिशेनं चला.

दगडावर दगड आपटतो आहे. आवारात काळसर ग्रॅनोडायोराइटच्या शिळा ओळीनं मांडल्यात. त्या आस्वानच्या खाणींतून नावेनं, प्रवाहाच्या ओढीनं, दोनशे किलोमीटर उतरून आल्या आहेत. एक पाथरवट तुमच्या हाती डोलेराइटचा गोटा देतो. मारा. पुन्हा मारा. मनगट झिणझिणतं आणि शिळेवरून उडते ती चिमूटभर भुकटी. तांब्याची छिन्नी या दगडापुढे टिकत नाही आणि लोखंडी हत्यारं या कारागिरांकडे नाहीत. म्हणून आधी ठेचायचं, मग वाळू घालून घासायचं, झिलई येईपर्यंत घासतच राहायचं. उन्हात तुमच्या घामावर ती भुकटी चिकटते, घशात उतरते.

पुढच्या शिळेतून रूप वर आलेलं आहे. आसनावर बसलेली स्त्री, पाय जुळवलेले, हात मांड्यांवर, एका हातात अंख हे जीवनाचं चिन्ह. खांद्यांच्या वर मात्र सिंहिणीचं मुख. माथ्यावर सूर्यबिंब आणि फणा उभारलेला नाग. ही सेखमेट, सूर्यदेव रा याची लेक.

रानं माणसांना शिक्षा करायला तिला धाडलं आणि ती रक्ताला चटावली, अशी कथा इजिप्तमध्ये सांगतात. अखेर लाल रंगवलेली बियर जमिनीवर ओतली गेली. रक्त समजून ती प्यायली, झिंगली आणि माणूसजात वाचली. साथी तीच पाठवते आणि बरंही तीच करते. तिचे पुजारी रोग्यांवर उपचार करतात. वर्ष सरतानाचे शेवटचे पाच दिवस सर्वांत धास्तीचे. तेव्हा तिची मनधरणी करणारे मंत्र म्हटले जातात.

आता आवारावर नजर फिरवा. सेखमेट एक नाही, शेकडो आहेत, काही बसलेल्या, काही पपायरसचा दंड धरून उभ्या. वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी दोन, असा कित्येक अभ्यासकांचा कयास आहे. आसनांवर राजाचं नाव कोरलंय आणि तिथे तो स्वतःला देवीचा लाडका म्हणवतो. सबंध वर्षभराची प्रार्थना त्यानं दगडात मांडली आहे.

पण अजून ती नुसता दगड आहे. बिबट्याचं कातडं पांघरलेला पुजारी येतो. मंत्र म्हणत तो वाकसाचं पातं मूर्तीच्या ओठांना लावतो. ‘मुख उघडण्याचा’ हा विधी झाला की तिला श्वास आहे, तिला दिसतं, नैवेद्य पोहोचतो. प्राणप्रतिष्ठेची ही त्यांची रीत. शेजारचा पाथरवट मान झुकवतो. स्वतःच्या हातांनी घडवलेल्या त्या मुखापुढे आता तोही याचक आहे.

शतकं ओलांडत परत या. इसवी सनापूर्वी १२००च्या सुमारास भूकंपानं हे मंदिर पाडलं. तिथल्या आणि पैलतीरावरच्या कर्नाकच्या सेखमेट पुढे तुरीन, पॅरिस, लंडनच्या संग्रहालयांत पोहोचल्या. १९९८पासून पुरातत्त्वज्ञ हुरिग सूरूझियान यांचं पथक याच मातीतून आणखी सेखमेट बाहेर काढतं आहे. आणि तिची वीतभर प्रतिकृती दुकानांत शोभेची वस्तू म्हणून विकली जाते.

अशी मूर्ती घरी आणलीत तर आनंदानं मांडा, पण तिचं काम काय होतं ते घरातल्या मुलांना जरूर सांगा. रोगाला भ्यालेल्या माणसांनी छिन्नीला न जुमानणाऱ्या दगडातून तिला घडवलं आणि तिच्याकडे रोज एकच मागितलं: आमची माणसं जगू देत. २०२०ची साथ अंगावर झेललेल्या आपल्याला हे मागणं परकं वाटायचं काहीच कारण नाही.