कारागृहातील संसर्गजन्य रोग व वैद्यकीय व्यवस्था (बंगळूर)

बंदिवासातील मनुष्याचे साथीच्या रोगांपासून रक्षण करणे, तो आजारी पडल्यास त्याच्यावर वेळेवर उपचार करणे आणि त्याचा रोग बराकीतील इतरांना व पुढे समाजाला जडणार नाही अशी तजवीज ठेवणे, हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आणि ते पार पाडण्यासाठी उभारलेली यंत्रणा. मोकळा मनुष्य खोकणाऱ्या शेजाऱ्यापासून दूर निजू शकतो, पाणी उकळून पिऊ शकतो, एका डॉक्टरचा गुण आला नाही तर दुसऱ्याकडे जाऊ शकतो. बंद्याला यांपैकी काहीही आपल्या इच्छेने करता येत नाही, आणि ज्या सरकारने त्याची ही मुखत्यारी काढून घेतली त्याच्यावरच तिचा सगळा भार येऊन पडतो.

बंगळूरच्या वायव्येस तुमकूर रस्त्यालगत पसरलेल्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात यंत्रे, सुटे भाग, धातूंचा मुलामा, तयार कपडे अशा नाना उद्योगांचे असंख्य लहानमोठे कारखाने असून परप्रांतांतून आलेले अनेक कामगार आसपासच्या वस्त्यांत एकेका खोलीत दाटीने राहतात. या भागात मध्यवर्ती कारागृह नाही. येथे अटक होऊन न्यायालयीन कोठडीत गेलेल्या मनुष्याची रवानगी सामान्यतः शहराच्या दुसऱ्या टोकास, आग्नेयेकडील परप्पन अग्रहार येथील मध्यवर्ती कारागृहात होते, आणि जामीन मिळताच तो त्याच खोलीत व त्याच कारखान्यात परत येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीनुसार देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे शेकडा ७६, हे खटल्याचा निकाल न लागलेले न्यायाधीन बंदी होते, आणि तुरुंगांत क्षमतेच्या सरासरी शेकडा १३१ इतकी भरती होती. अशी सतत ये-जा करणारी वस्ती पाहता तुरुंगाच्या तटबंदीने रोग आत कोंडला जाईल ही कल्पना सोडून द्यावी लागते. न्यायालयाची फेरी, मुलाकात, पहाऱ्यावरील शिपायांची पाळी आणि जामिनाचा हुकूम या चारही वाटांनी जंतू आत येतात व बाहेर जातात.

या विषयातील कायदा जुना आहे आणि, त्या काळाच्या मानाने, बराच दूरदर्शी आहे. १८९४च्या तुरुंग अधिनियमाने कारागृहाच्या आरोग्यव्यवस्थेचा अंमल वैद्यकीय अधिकाऱ्याकडे सोपविला. दाखल होणाऱ्या बंद्याची लवकरात लवकर तपासणी करून त्याच्या प्रकृतीची व अंगावरील जखमांची नोंद ठेवण्यास सांगितले. प्रत्येक तुरुंगात इस्पितळ किंवा रुग्णांसाठी योग्य जागा असावी अशी तरतूद केली. आणि कलम ७ मध्ये, बंद्यांची संख्या सुरक्षित मर्यादेपलीकडे गेली किंवा तुरुंगात साथ उद्भवली तर तात्पुरते तुरुंग उभारून त्यांना तेथे ठेवावे, असा मार्ग दाखवून ठेवला. यांतील कलम ३७ विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. जो बंदी डॉक्टरला भेटू इच्छितो, किंवा ज्याची प्रकृती शरीराने वा मनाने बिघडलेली दिसते, त्याची वर्दी त्याच्यावर नेमलेल्या कर्मचाऱ्याने विनाविलंब तुरुंगाधिकाऱ्यास द्यावी, असे ते सांगते. बराकीपासून इस्पितळापर्यंतचे हे काही पावलांचे अंतर हाच कारागृहीय वैद्यकाचा सर्वांत नाजूक भाग होय, कारण औषधांचे कपाट कितीही भरलेले असले तरी पहारेकऱ्याने तक्रार ऐकून पुढे पोचविली नाही तर त्याचा रुग्णाला काडीचा उपयोग नाही.

ही तक्रार न पोचल्याचे, किंवा पोचूनही वाया गेल्याचे, बंगळूरच्या इतिहासातील सर्वांत दुःखद उदाहरण संसर्गजन्य रोगाचे नाही. पण ते गाळून ही नोंद पुरी होणार नाही. ‘संस्कार’ या कन्नड चित्रपटातील अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना आणीबाणीत मे १९७६ मध्ये अटक होऊन शेषाद्री रस्त्यावरील तत्कालीन मध्यवर्ती तुरुंगात ठेवण्यात आले. त्यांना जुनाट दम्याचा विकार होता. पुरेशा उपचारांवाचून प्रकृती ढासळत गेल्यानंतर १५ जानेवारी १९७७ रोजी त्यांची सुटका झाली आणि अवघ्या पाच दिवसांनी, २० जानेवारीस, त्यांचा अंत झाला. त्याच तुरुंगात स्थानबद्ध असलेले कोकणचे खासदार मधु दंडवते यांनी रात्रीच्या शांततेत ऐकू येणाऱ्या स्नेहलतांच्या किंकाळ्यांविषयी पुढे लिहून ठेवले आहे. याउलट १९२४च्या जानेवारीत येरवड्यात कैदेत असलेल्या गांधीजींना आंत्रपुच्छाचा विकार जडला, तेव्हा त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवून कर्नल मॅडॉक यांनी तातडीने शस्त्रक्रिया केली. परक्या सरकारने सर्वांत मोठ्या राजबंद्यासाठी जी तत्परता दाखविली ती स्वतंत्र भारतात एका दमेकरी स्त्रीच्या वाट्यास येऊ नये, ही गोष्ट मनाला सलते.

बंगळूरच्या याच मध्यवर्ती तुरुंगातील राममूर्ति नावाच्या बंद्याने १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांस पत्र लिहून खाण्यास अयोग्य अन्न व शारीरिक-मानसिक छळ यांची तक्रार केली. त्या पत्रालाच अर्ज मानून न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांकरवी चौकशी करविली आणि २३ डिसेंबर १९९६ रोजी ‘राममूर्ति विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात देशातील तुरुंगांपुढील नऊ प्रश्नांची मांडणी केली. त्यांत गर्दी, खटल्यांतील विलंब, आरोग्य व स्वच्छतेची हेळसांड आणि निकृष्ट अन्न यांचा समावेश होता. बंद्याला डॉक्टर निवडता येत नाही आणि वर बंदिवासामुळेच त्याला रोगाचा धोका अधिक, असे हे दुहेरी न्यून न्यायालयाने स्पष्ट शब्दांत नोंदविले. गर्दी आणि विलंब हे वरकरणी न्यायखात्याचे प्रश्न त्याच यादीत आले हे उचित झाले, कारण बराकीतील क्षयाचा खरा प्रतिबंध पुष्कळ अंशी जामिनाच्या दफ्तरातच होतो.

क्षय हा कारागृहातील प्रमुख संसर्ग होय. कोंदट हवा, सायंकाळपासून सकाळपर्यंत बंद राहणारी बराक, अपुरे पोषण आणि आधीच दारिद्र्यातून आलेली माणसे यांमुळे जगभरातील तुरुंगांत त्याचे प्रमाण बाहेरच्या समाजाहून अनेक पटींनी जास्त आढळते. योगायोगाने राष्ट्रीय क्षयरोग संस्था १९५९ पासून बंगळुरातच आहे. तिच्या वतीने देबाबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात केलेल्या व १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले, की क्षयाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांनी आपण होऊन दवाखाना गाठला होता, परंतु बहुतेकांच्या हाती खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन त्यांना परत पाठविण्यात आले होते. रोगी अडाणी असतो म्हणून रोग लपून राहतो, या रूढ समजुतीला या पाहणीने धक्का दिला. कारागृहासही तिचा बोध पूर्णपणे लागू पडतो: दोन आठवड्यांहून अधिक खोकणाऱ्याची थुंकी तपासणे, निदान होताच त्यास वेगळे ठेवणे, बराकीच्या खिडक्या मोकळ्या राखणे आणि सोबत्यांची तपासणी करणे हे उपाय साधे आहेत, अडते ते तक्रार ऐकण्यापाशी. एचआयव्ही, यकृतदाह, खरूज, कांजिण्या व अतिसार यांविषयीही हेच म्हणता येईल.

साथीच्या काळात तुरुंगाची परीक्षा कशी होते हे महाराष्ट्राने दोनदा पाहिले. मुंबईच्या प्लेगच्या वेळी सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली व त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली असता तेथील बंद्यांवर तिचा प्रयोग केला. न टोचलेल्यांच्या मानाने टोचलेल्यांत रोग पुष्कळच कमी आढळला. बंद्यांनी आपखुशीने टोचून घेतले असे सांगतात. तथापि कोठडीत दिलेली संमती कितपत स्वतंत्र मानावी, हा प्रश्न आजच्या वैद्यकनीतीला टाळता येत नाही. दुसरा प्रसंग कोविडचा. ८०४ बंद्यांची क्षमता असलेल्या मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात अडीच हजारांहून अधिक माणसे असताना मे २०२० मध्ये दीडशेहून अधिक बंद्यांना लागण झाली. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्चलाच प्रत्येक राज्यास उच्चाधिकार समिती नेमण्यास सांगितले होते. महाराष्ट्रात न्यायमूर्ती सय्यद यांच्या समितीने तात्पुरता जामीन व आकस्मिक पॅरोल यांवर हजारोंना सोडण्याचा मार्ग मोकळा केला, आणि नव्याने येणाऱ्यांसाठी शाळा-वसतिगृहांतून तात्पुरती कारागृहे उघडण्यात आली. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कलम ७ चाच हा आशय होता.

सांप्रत आदर्श कारागृह नियमावली (२०१६) दर ३०० बंद्यांमागे एका वैद्यकीय अधिकाऱ्याची अपेक्षा ठेवते, तर संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या नेल्सन मंडेला नियमांतील नियम २४ बंद्याला समाजात उपलब्ध असलेल्या दर्जाचीच शुश्रूषा मिळावी आणि सुटकेनंतरही तिच्यात खंड पडू नये असे सांगतो. या दुसऱ्या अटीची कसोटी पीण्यासारख्या ठिकाणी लागते. क्षयाचा उपचार सहसा किमान सहा महिन्यांचा असतो, जामीन मात्र कोणत्याही दिवशी मिळतो. तो संध्याकाळी मिळाला आणि बंद्याच्या हाती औषधाची पाकिटे, निदानाचा दाखला व घराजवळच्या उपचारकेंद्राचे नाव दिले गेले नाही, तर अर्धवट सुटलेला उपचार औषधांना न जुमानणारा क्षय निर्माण करू शकतो. म्हणून सुटकेचा कागद आणि औषधाचा कागद यांवर एकाच वेळी सही व्हावी, आणि तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने त्याच दिवशी संबंधित क्षयरोग पथकास कळवावे, हा शिरस्ता कारागृहाच्या फाटकावरच पडला पाहिजे.