जगाच्या अंताची तारीख आणि गुलामांचा प्रश्न

जगाचा अंत अमुक दिवशी होणार असे कुणी जाहीर केले की ख्रिस्ती धर्मच तसे सांगतो, असा अनेकांचा समज होतो. हा समज तपासून पाहिला पाहिजे. येशू पुन्हा येणार आणि मानवजातीचा न्याय होणार, हा ख्रिस्ती श्रद्धेचा भाग आहे हे खरे. पण तो दिवस आणि ती घटका फक्त पित्यालाच ठाऊक, असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात खुद्द येशूच सांगतो. मग तारखा येतात कुठून?

विल्यम मिलर हा अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी. दानिएलाच्या पुस्तकात २३०० दिवसांचा उल्लेख आहे. मिलरने एका दिवसाचे एक वर्ष धरले, इ.स.पू. ४५७ पासून मोजणी केली आणि १८४३ च्या सुमारास येशू येणार असा निष्कर्ष काढला. बोस्टनचा धर्मोपदेशक जोशुआ हाइम्स याने वृत्तपत्रे काढून हा हिशोब दूरवर पोचवला. मार्च १८४४ ची मुदत टळली, तेव्हा मिलरने चूक कबूल केली. तो लबाड नव्हता. पण त्याच उन्हाळ्यात सॅम्युअल स्नो याने नवी तारीख पुढे आणली: २२ ऑक्टोबर १८४४. काही शेतकऱ्यांनी उभी पिके कापलीच नाहीत. दिवस उजाडला आणि मावळला. इतिहासात तो 'महानिराशा' म्हणून नोंदला गेला.

ही गोष्ट हसून सोडून देण्यासारखी नाही. १८४० च्या जनगणनेनुसार त्याच अमेरिकेत सुमारे २५ लाख माणसे गुलाम होती. हाइम्स स्वतः गुलामगिरीविरोधी चळवळीतून आलेला होता. त्या चळवळीचा नेता विल्यम लॉइड गॅरिसन याने १८४३ मध्येच खंत व्यक्त केली की, सुधारणेच्या कामात असलेली कितीतरी माणसे या भविष्याच्या नादाने त्या कामापासून दूर गेली. हे तर्काला धरूनच होते. जे जग उद्या जळून जाणार, त्यातली बेडी आज कशाला तोडायची?

याचे उत्तरही मत्तयाच्याच शुभवर्तमानात आहे. तारीख नाकारणाऱ्या अध्यायाला लागूनच २५ वा अध्याय येतो. त्यात न्यायाची कसोटी दिली आहे: भुकेल्याला अन्न दिले का? उघड्याला वस्त्र दिले का? बंदिवानाची भेट घेतली का? अंताचे वर्ष कुणी अचूक काढले, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नाही. म्हणजेच ख्रिस्ती ग्रंथाच्या दृष्टीने दिवस अज्ञात आहे, पण कर्तव्य ज्ञात आहे. तारखा काढणारे नेमके उलट करतात. अज्ञात ते ज्ञात म्हणून सांगतात आणि ज्ञात कर्तव्य विसरायला लावतात.

हा प्रकार १८४४ मध्ये संपला नाही. हॅरॉल्ड कॅम्पिंग या अमेरिकन रेडिओ उपदेशकाने २१ मे २०११ ही तारीख दिली, ती टळल्यावर २१ ऑक्टोबर. पुढच्या वर्षी त्याने अशी तारीख सांगणे हे पाप होते, अशी कबुली दिली. तोवर त्याच्या काही अनुयायांची आयुष्यभराची बचत जाहिरातींत खर्च झाली होती.

अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ मध्ये संविधानाच्या तेराव्या दुरुस्तीने संपली. त्यासाठी माणसांना लढावे लागले, मरावे लागले. अंताची वाट पाहून एकही साखळी तुटली नाही. म्हणून पुढच्या वेळी कुणी तारीख घेऊन आला तर त्याचे गणित तपासत बसू नका. त्या तारखेपर्यंत तो कुणाला कोणते काम सोडायला सांगतो आहे, ते विचारा.