लोथलच्या भट्टीवर

पाय जपून टाका! अंगणभर अकिकाच्या कपच्या सांडल्यात, टाच चिरायला एक पुरे. तुम्ही सुमारे ४,३०० वर्षं मागे आला आहात, खंबायतच्या आखाताजवळच्या लोथलमध्ये, मण्यांच्या कारखान्यात. डोळे चुरचुरतायत? गोवऱ्यांचा धूर आहे. त्यातूनही चिखलाचा आणि मासळीचा वास नाकात शिरतोच. अंगणाभोवतीच्या प्रत्येक खोलीतून टक्, टक्, टक्. कोणी गोटे फोडतंय, कोणी मणी घासतंय. बोलायचं तर ओरडूनच.

हा गोटा हातात घ्या. नर्मदेच्या खालच्या अंगाला, रतनपूरच्या टेकड्यांतून आलाय. मळकट पिवळा, रस्त्यात पडला असता तर तुम्ही उचललाही नसता. पण हा आपल्या सह्याद्रीचा सख्खा भाऊबंद. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दोघांना जन्म देणारा लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. मग कातळातून झिरपणारं पाणी सिलिका घेऊन आलं आणि जुन्या बंबाला आतून क्षाराचं पूट चढतं तसे थरावर थर चढत गेले. सिलिका स्वतः बिनरंगी. हा पिवळेपणा लोखंडाचा, पाणी धरून बसलेल्या त्याच्या बारीक कणांचा. आपल्याकडच्या कातळातल्या जांभळ्या अमेथिस्टलाही लोखंडच रंगवतं; तिथे ते स्फटिकाच्या जाळीतच शिरलेलं असतं आणि नैसर्गिक किरणोत्साराने पालटलेलं.

आता मडक्यात भरा. नाही, तो ओला नको! उन्हात पुरता वाळलेलाच घ्या. फट्! ऐकलंत? कोणीतरी घाई केली. आतल्या पाण्याची वाफ झाली आणि गोटा फुटला. म्हणून आच मंद हवी, वर राखेचं पांघरूण हवं. चेहरा भाजतोय, घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरतोय, तरी फुंकर मारायची नाही.

मडकं गार झाल्यावर राख झटका. बघा! पिवळा गेला, तांबडा आला. उष्णतेने कणांतलं पाणी निघून गेलं आणि मागे हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचंच तांबडं रूप, उरलं. शेजारचा कारागीर गोटा उन्हाकडे धरतो, मान हलवतो आणि पुन्हा मडक्यात टाकतो. रंग अजून खोल हवाय त्याला. रसायनशास्त्राचा एक शब्दही न ऐकलेल्या या माणसाची नजर मला कुठल्याही रत्नपारख्याइतकीच मोठी वाटते.

भोक पाडायचं काम मात्र जिवावरचं. पायाने लाकडी चाप दाबून मणी घट्ट धरा, कमानीची दोरी मागेपुढे ओढा, वरून पाण्याचा थेंब पडत राहू द्या. गिरमिटाच्या टोकाला धातू नाही, अकिकाहून चिवट असा खास दगड आहे. तासाभरात जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर! बोटभर लांब मण्याला कित्येक दिवस जातात, आणि शेवटच्या घटकेला तो तडकूही शकतो. सिंधू खोऱ्याचे असे तांबडे मणी समुद्रापार मेसोपोटेमियात पोचले. उर शहराच्या राजघराण्याच्या थडग्यांत ते सापडले आहेत.

खांदे भरून आले ना? तरी कमान सोडू नका. मणी अर्धा झाला की तो उलटा धरायचा, दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायची आणि दोन्ही भोकं मधोमध अचूक भेटवायची.